घरात खाणारी किती

मंगळवार, १ एप्रिल २०२५

एप्रिल फूलच्या मुहूर्तावर कामाला लागणारी मी आमच्या घाडी खानदानातली पहिलीच असेन. काम महिनाभराचंच आहे, पण चार महिने घरी बसून आईची बोलणी खाल्ल्यावर महिनाही पुष्कळ वाटतो. पप्पांनी हिंदमाताला साड्यांच्या दुकानात तीस वर्षं काउंटर सांभाळला. रिटायर झाले तरी दर दिवाळीला तिथून डायरी येते. यंदाची त्यांनी मला दिली आणि म्हणाले, नवं काम आहे, रोजचं रोज लिहीत जा मनवा. बत्तिसाव्या वर्षी मी वडिलांचं ऐकायला लागले आहे, याची नोंद घ्यावी.

काम लालबागला आहे, करी रोडच्या आमच्या घरापासून चालत बारा मिनिटांवर. गुणाजी नार्वेकरांचा मसाल्याचा डंक. आमचा वर्षाचा मसाला माझ्या जन्माआधीपासून इथेच कुटला जातो, त्यामुळे दारात पाऊल टाकल्याबरोबर आलेल्या शिंका ओळखीच्या होत्या. पुढे काउंटर, मागे पाच डंक धाड धाड चाललेले, भिंतीला बेडगी आणि काश्मिरी मिरचीची पोती. काउंटरच्या मागे तीन हातांवर माझं टेबल. पहिल्या तासात अकरा शिंका दिल्या, काउंटरवरच्या श्रेयाने मोजल्या.

मालक उन्मेषदादा, गुणाजींचा नातू, चाळिशीचा. मी सर म्हटलं तर म्हणाला सर शाळेत, इथे दादा. त्याला ठाण्याला दुसरं दुकान काढायचं आहे आणि एक ॲप, म्हणजे दुबईच्या सुनेलाही सासरचा मसाला मागवता येईल. आता अकरा हजार घरांच्या नोंदी आहेत, त्या एक लाखावर न्यायच्या. २००९ साली बनवलेला डेटाबेस हे सगळं पेलेल का, आहे ती कामं तरी नीट करतो का, ते मी तपासून रिपोर्ट द्यायचा. ठेवायचा की फेकायचा, एवढं सांग, असं त्याचं म्हणणं.

दाराजवळ मिरच्यांचे देठ काढत रखमाकाकू बसलेल्या असतात, गेली चाळीस वर्षं. कुणाची तू, म्हणून विचारलं. करी रोडच्या घाडींची, म्हटल्यावर मान वर न करता म्हणाल्या, "तीन. बेडगी जास्त, लवंगी नाय." आमच्या घराची अख्खी नोंद! मग डेटाबेस कशाला हवाय, असं मी म्हटलं तर सगळं दुकान हसलं. छान माणसं आहेत.

बुधवार, २ एप्रिल

आज नुसतं बघत बसले. आधी काम कसं चालतं ते बघायचं, मग मशीन उघडायचं, ही माझी पद्धत.

प्रत्येक घराच्या नोंदीत मिरच्यांचं प्रमाण असतं, गरम मसाल्याचं असतं, आणि एक रकाना असतो: खाणारी माणसं. माणशी एक किलो, या हिशेबाने वर्षाचा मसाला होतो. बाई आपल्या वाळवलेल्या मिरच्या घेऊन येते. श्रेया स्क्रीनवर बघून नाव आणि आकडा मोठ्याने वाचते. बाई "हो" म्हणते. मग माल डंकात पडतो. बाईने हो म्हटल्याशिवाय डंक चालू होत नाही.

घरात सून आली, पोर तिखट खायला लागलं, की आकडा वाढतो आणि काउंटरवरच्या डब्यातला एक पेढा मिळतो. कमी करायचा असेल तर मात्र मोठं प्रकरण. घरातल्या बाईने स्वतः यायचं, चारचौघांत मोठ्याने सांगायचं, आणि आपल्या ढिगातली एक मूठ मिरची आपल्या हाताने काढून कोपऱ्यातल्या सुपात ठेवायची. आज एक बाई आल्या होत्या, जानेवारीत नवरा गेलेल्या. त्या बोलेपर्यंत पाचही डंक बंद होते. लालबागच्या त्या रस्त्यावर इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं.

मला वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर मी घड्याळही बघितलं. एका गिऱ्हाइकामागे सहा मिनिटं. लाख घरं झाल्यावर हे परवडणार नाही, असं रिपोर्टच्या मसुद्यात लिहून टाकलं.

गुरुवार, ३ एप्रिल

मशीन उघडलं. म्हातारं आहे पण कामसू आहे. शोध चांगला चालतो. परब आडनावाची तीनशे घरं आहेत आणि ती पत्त्यावरून बिनचूक वेगळी होतात. दोष: एका वेळी चारपेक्षा जास्त जणांनी नोंदी उघडल्या की सगळंच अडकतं. रोजचा बॅकअप दुकान बंद होताना आपोआप घेतला जातो. तपासण्याच्या यादीत एवढ्या ओळी होत्या की बॅकअपसमोर "तपासला, ठीक आहे" लिहून मी पुढे गेले. फाइल दिसत होती, तारीख आजची होती. उघडून काय बघायचं?

एक गंमत सापडली. खाणारी माणसं हा आकडा वाढवता येतो, कमी करता येत नाही. प्रोग्रॅममध्येच अडसर घातला आहे. कमी करायचा तर जुनी नोंद बंद करून बाईच्या समोर नवी उघडावी लागते. अडसराच्या वर बनवणाऱ्याने लिहून ठेवलंय: "हा आकडा कमी होऊ देऊ नये. कारण विचारू नये. अवधूत." अशी माणसं आमच्या धंद्यात पुष्कळ असतात, स्वतःची चूक झाकायला वर पाटी लावणारी. उन्मेषदादाला विचारलं हा अवधूत कोण, तर त्याने जरा वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाला नाव ऐकल्यासारखं वाटतंय खरं.

शनिवार, ५ एप्रिल

आज खूश आहे. मूळ डेटाबेसची प्रत केली आणि प्रतीवर ताण देऊन बघितला: एका वेळी हजार नोंदींवर काम, शोध, वाढ, घट, सगळं. त्यासाठी अवधूतरावांचा अडसर काढून टाकला. निघाला की नाही बघायला आधी आपलं घर काढलं. तीनचे दोन केले. काही बोभाटा न होता झाले. मग स्क्रिप्ट सोडली. चार मिनिटांत हजार नोंदी, त्यातल्या त्रेचाळीस घरांचा आकडा एकाने घटला, यादी छापून आली. म्हातारा एवढा दणकट निघेल असं वाटलं नव्हतं.

उन्मेषदादाने माझ्यासाठी खास थंडगार कोकम सरबत मागवलं. श्रेयाला मी मिरवून दाखवलं. फार मिरवलं.

सोमवार, ७ एप्रिल

जमेल तसं लिहिते.

सकाळी एक बाई आली. श्रेयाने वाचलं, "सुर्वे, गणेश गल्ली, तीन." बाई थांबली. तोंड उघडं, काहीतरी आठवत असल्यासारखी. मग म्हणाली, "हो. तीन." डंक चालू झाला. माझ्यासमोर शनिवारची प्रत उघडी होती. सुर्वे, गणेश गल्ली: चार.

पुढचं मला लगेच कळलं. दोन्ही खिडक्या सारख्याच दिसत होत्या, नाव एकच होतं, आणि मी घाईत होते. अडसर मी खऱ्या डेटाबेसमधला काढला होता आणि स्क्रिप्टही खऱ्यावरच चालवली होती. प्रत तशीच, न हात लावलेली.

बॅकअप उघडला. रिकामा. २०१९ पासून रोज रिकामी फाइल जमा होते आहे आणि मी तिच्यापुढे "ठीक आहे" लिहून सही करून दिलं आहे. शनिवारची प्रत आहे म्हणून खरे आकडे तरी माझ्याकडे आहेत. दुकान बंद होऊन सगळे गेले की दुरुस्त करून टाकीन. कुणाला कळणार नाही.

हे वाक्य मी याआधीही मनाशी म्हटलं होतं. आधीच्या ऑफिसात माझ्या हातून एक फाइल उडाली तेव्हा नाव वरदचं पुढे झालं. तो माझ्या शेजारी बसायचा, माझ्यासाठी डब्यात जास्तीची चपाती आणायचा. मी दोन आठवडे गप्प बसले. त्याची नोकरी गेली. मग माझ्याने तिथे बसवेना आणि मी सोडली. घरी सांगितलं, कंपनीने माणसं कमी केली. आईला अजून तेच माहीत आहे.

मंगळवार, ८ एप्रिल

काल सगळे आकडे परत भरले. स्क्रीनवर बरोबर दिसत होते. सकाळी आले तर त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पुन्हा एकाने कमी. तीनदा भरले. मी पान बदलून परत येते तोवर खाली आलेले असतात.

दुपारी एक कुटुंब आलं. बायको, दोन मुली आणि नवरा. श्रेयाने वाचलं, "गंगाधर तांडेल, करी रोड, तीन." बाई थांबली. तिच्या मागे उभा असलेला माणूसही थांबला, हसत होता, चूक दुरुस्त होईल म्हणून. ती म्हणाली, "हो."

मसाला झाला. डबे तिने आणि मुलींनी उचलले. तो एक डबा घ्यायला वाकला तर धाकटीने त्याच्या हाताखालून तो नेला. तिघी गेल्या. तो उभाच राहिला. थोड्या वेळाने त्याने श्रेयाला विचारलं, तांडेल बाई गेल्या का. श्रेया हिशेब लिहीत होती. त्याने पुन्हा विचारलं. मग उन्मेषदादाला विचारलं. मग त्याची माझ्याशी नजरानजर झाली आणि मी खाली बघितलं.

दुकान बंद झालं तेव्हा तो दाराशी होता. बाजूला आदल्या दिवशीच्या सुर्व्यांकडचा कुणीतरी म्हातारा. मी दोघांच्या मधून बाहेर आले. त्यांनी वाट दिली.

बुधवार, ९ एप्रिल

तांडेलांच्या घरी फोन केला. दुकानातून बोलतेय, खाणारी माणसं किती, एवढंच विचारलं. बाई म्हणाली तीन, मी आणि मुली. आणि मिस्टर, मी विचारलं. माझं लग्न कुठे, असं म्हणायला लागली आणि मध्येच थांबली. मग म्हणाली गॅसवर दूध आहे.

तो दाराशी ऐकत होता.

गुरुवार, १० एप्रिल

दाराशी आता सहा आहेत. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी आहे. गिऱ्हाइकं त्यांच्या अंगावरून जातात.

रखमाकाकूंनी आज डबा आणला नव्हता. माझ्यातली पोळी दिली. खाताना सहज सांगितलं, तीन दिवस झाले, सून दोनच ताटं घेते. मुलाने विचारलं नाही की आई जेवलीस का. सून वाईट नाही हो, असंही म्हणाल्या. मी यादी काढून बघितली. सत्ताविसावं घर त्यांचं. तीनचे दोन.

मी उरलेली पोळीही त्यांच्यापुढे ठेवली.

शुक्रवार, ११ एप्रिल

काकूंनी मला मागे पोत्यांच्या आड बोलावलं. दाराकडे बोट करून विचारलं, "तांडेलाचो गंगाधर तुका दिसता मां?" मी मान हलवली. "उन्मेषाक दिसणा नाय, श्रेयाक दिसणा नाय. तुका दिसता तर मगे तूच केलंस."

मी शेजारच्या पोत्याची शिवण उसवत राहिले.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मिरच्या निवडत बसल्या बसल्या त्यांनी सगळं सांगितलं. अवधूत म्हणजे उन्मेषदादाचा सख्खा भाऊ. मशीन नवीन होतं तेव्हा त्याने गंमत म्हणून आपल्याच घराचा आकडा एकाने खाली आणला. कळल्यावर अडसर घातला, पण त्याच्या आईने तोवर "हो" म्हटलं होतं, आणि मसाला कुटून झाला होता. आईलाही आठवला नाही, भावालाही नाही. काकूंना आठवतो, कारण चाळीस वर्षं सगळ्या घरांचे आकडे त्यांच्या डोक्यात आहेत आणि तिथला आकडा कुणाला पुसता येत नाही.

मग उपाय सांगितला. "गपचूप केलेला गपचूप निस्तरणा नाय गो. जेना कमी केला तेना हयसर उभ्या ऱ्हवान सांगूक व्हया. चार माणसांच्या देखत, सगळी घरां नाव घेवन. कुटूच्या आधी." कुटून झालं की पक्कं. त्रेचाळीसपैकी अकरा घरांचा मसाला कुटून गेला आहे. बत्तीस घरं राहिली आहेत.

मी काकूंना म्हटलं, तुम्हीच सांगा ना सगळ्यांना. त्या पुढची मिरची निवडायला लागल्या. मी जमिनीत गडप झाले असते तर बरं.

शनिवार, १२ एप्रिल

आज सांगणार होते. यादी ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली होती, हात रिकामे राहावेत म्हणून.

अकरा वाजता उन्मेषदादाने हापूसची पहिली पेटी फोडली. दुकान भरलेलं होतं. ठाण्याच्या दुकानात भागीदार होणारा त्याचा मेहुणा आला होता. दादाने माझ्या पाठीवर थाप मारून सगळ्यांसमोर सांगितलं की ही आपल्या गल्लीतली पोरगी, मोठ्या कंपनीतून आली, हिच्या हातून चूक होत नाही. बॅकअपसुद्धा स्वतः तपासला हिने. टाळ्या वाजल्या.

मी उभी राहिले. रखमाकाकूंनी हातातली मिरची खाली ठेवली. दाराशी तेरा जण होते, त्यांनीही बघितलं. मी म्हटलं, दादा, बॅकअपचं एक सांगायचं होतं. तो म्हणाला बोल ना.

मी म्हटलं, यापुढे दिवसातून दोनदा घेऊ.

आंबा गोड होता. मी दोन फोडी खाल्ल्या. हे लिहायला लाज वाटते, पण लिहायचं ठरवलं आहे.

मंगळवार, १५ एप्रिल

काकूंची सून दीपिका आज मिरच्या घेऊन आली. हसरी आहे. चार बायकांशी बोलली. सासूच्या शेजारून दोनदा गेली.

श्रेयाने वाचलं, "रखमाबाई चव्हाण, लालबाग, दोन."

दीपिका थांबली. बराच वेळ थांबली, आतापर्यंतच्या सगळ्यांपेक्षा जास्त. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. मला वाटलं ती आठवेल. मी तीन हातांवर बसले होते. नुसतं "तीन" म्हणायला श्वास किती लागतो?

मी की-बोर्डकडे बघत राहिले. ती म्हणाली, हो.

डंक चालू झाले तेव्हा श्रेयाने धण्यांचं पोतं ओढत आणून काकूंच्या जागेवर ठेवलं. ठेवायच्या आधी काकू स्वतःच उठल्या, पाट उचलून भिंतीला लावला आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, गंगाधरच्या पलीकडे. चहा आला तेव्हा एक ग्लास कमी होता.

चाळीस वर्षं त्या तिथे बसल्या होत्या.

संध्याकाळी घरी आले. आईने दोन ताटं घेतली होती. माझं विसरलीस का, म्हटल्यावर दचकली, कपाळाला हात लावला, वय झालं म्हणाली, तिसरं घेतलं. पप्पा माझ्याकडे पाहुण्याकडे बघावं तसं बघून हसले.

मी बाथरूममध्ये जाऊन लॅपटॉप उघडला.

घाडी, करी रोड. दोन.

पाच तारखेचा तो पहिला प्रयोग. यादीत नव्हता, कारण तो मी हाताने केला होता. आईच्या मिरच्या गच्चीवर वाळताहेत. ती शुक्रवारी डंकावर येणार आहे.

बुधवार, १६ एप्रिल

आईला घरीच सगळं सांगितलं. वरदचंही. ती भाजी चिरत ऐकत होती. मी रडले तेव्हा डोक्यावरून हात फिरवला. पाच मिनिटांनी विचारलं, कोणाकडे आली आहेस गं?

दुकानात श्रेयाकडे गेले. म्हटलं आमचं तीन कर. ती फोनवर होती. थांबले. फोन ठेवून तिने माझ्या मागच्या बाईला पुढे बोलावलं.

दाराशी एकवीस. काकू जवळ आल्या, म्हणाल्या, जो करतो तो कुटायच्या आधीच पुसला जातो. मी म्हटलं, उद्या सांगते, आमचं तीन आहे म्हणून सांगते सगळ्यांना. त्यांनी विचारलं, "फक्त आपलोच आकडो सांगतलंस?"

मनात तेच होतं. खरंच तेच होतं. बाकीची तेवीस घरं शिल्लक आहेत हे मला पाठ होतं आणि मी फक्त आमच्या घराचा विचार केला होता.

गुरुवार, १७ एप्रिल

सगळी नावं सांगणार. ठरलं.

दहाला उभी राहिले. मोठ्याने म्हटलं, माझं ऐका. डंक चालू होते. पुन्हा म्हटलं. उन्मेषदादा माझ्या टेबलाशी आला, माझा लॅपटॉप उचलला, हा इथे कोणी ठेवला म्हणून विचारलं. श्रेयाला माहीत नव्हतं.

त्याच्या दंडाला धरलं. त्याने दंड खाजवला.

शनिवारी ऐकलं असतं. शनिवारी सगळे माझ्याकडेच बघत होते, टाळ्या वाजवत होते. मी बॅकअपचं बोलले. आंबा खाल्ला.

घरी दार वाजवलं. पप्पांनी उघडलं, जिन्यात बघितलं, लावून घेतलं. मी त्यांच्या बगलेतून आत शिरले होते. ताटं दोन.

शुक्रवार, १८ एप्रिल

सकाळी नऊ. दुकानात. टेबलावर आता वेलचीचे डबे आहेत, कडेला डायरीपुरती जागा आहे. बोललेलं ऐकू जात नाही, लिहिलेलं तरी कुणाला दिसेल म्हणून लिहिते — उन्मेषदादा, हे तुझ्यासाठी. बॅकअप रिकामा आहे. अडसर मी काढला. यादी डायरीच्या पुठ्ठ्यात आहे. आणि अवधूत तुझा भाऊ होता. आता तोही मला दिसतो, सगळ्यात मागे उभा आहे, हळकुंडांच्या पोत्यापाशी. तुझ्यासारखाच दिसतो.

सव्वा दहा. यादी वाचली. काउंटरसमोर उभी राहून, ओरडून, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस घरं, आणि मग आमचं. दुकानात कुणी मान वर केली नाही. दाराशी केली. गंगाधर तांडेल म्हटलं तेव्हा त्याने हात वर केला, शाळेत हजेरीला करतात तसा. मग सगळेच करायला लागले. काकूंचं नाव आलं तेव्हा माझा आवाज गेला. त्यांनी मान हलवली, पुढचं वाच म्हणून.

सगळी वाचली. लाज वाटली नाही. कुणी ऐकतच नसल्यावर लाज कसली — म्हणून तर ते लागू पडलं नाही, आता कळतं —

पावणे अकरा. आई आली. हिरवी पिशवी, बेडगी वरच दिसते. घामाघूम झाली आहे. पिशवी धरायला गेले. तिने दुसऱ्या हातात घेतली.

रांगेत तिसरी.

दुसरी.

मी तिच्या शेजारी उभी आहे, डायरी काउंटरवर ठेवून लिहिते. आई इथे बघ. पानाकडे बघ. मोठ्या अक्षरात लिहिलंय — तीन — तीन —

श्रेया वाचते आहे. घाडी, करी रोड —

दोन म्हणाली.

आई थांबली आहे. अजून बोललेली नाही. कपाळाला आठी आहे. मान वळवते आहे — माझ्याकडे — थेट माझ्याकडे बघते आहे, आई मी खोटं बोलले तुझ्याशी, मला कुणी काढलं नव्हतं, मीच — आई, तीन म्हण, नुसतं ती